साटमबाई आणि नववी बाटली

साटमबाईंची आणि माझी पहिली भेट म्हणजे एक मुलाखत होती, आणि रीतीप्रमाणे पाहिलं तर त्या मुलाखतीत मी नापास व्हायला हवी होते. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पनवेलच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाच्या मागे दोन खोल्या होत्या. एकीत मोडकी बाकं टाकलेली असत आणि दुसरीत डॉ. कुमुद साटम यांची प्रयोगशाळा होती. सूचनाफलकावर 'संशोधन साहाय्यक हवी' अशी चिठ्ठी पाहून मी तिथे गेले. नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि गुणपत्रिका पदराखाली झाकावी अशीच होती. बाईंनी ती उघडलीसुद्धा नाही. त्यांनी सूक्ष्मदर्शकाकडे बोट केलं आणि विचारलं, "काय दिसतं?"

मी बराच वेळ डोळा लावून पाहिलं. "कचरा," मी म्हणाले.

"कसला?"

"तांदळात असतो तसला. कोंडा, कणी, किड्यांच्या टरफलांसारखं काहीतरी. निवडायचंय का?"

बाई हसल्या. माझ्याआधी येऊन गेलेल्या चौघांना म्हणे तिथे पाठ्यपुस्तकातलं सगळं काही दिसलं होतं. "उद्यापासून ये," बाई म्हणाल्या. "ज्याला कचरा दिसतो, त्यालाच तो निवडता येतो." तेव्हापासून मी तोच कचरा निवडते आहे. त्याच्यावरच मला डॉक्टरेट मिळाली आणि त्याच्यावरच माझं घर चालतं.

षष्ट्यब्दिपूर्तीच्या या गौरवग्रंथासाठी संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा 'बाईंचं कार्य, त्यांची मूल्यं आणि काही हृद्य आठवणी' असं कागदावर लिहूनच दिलं. तिन्ही गोष्टी मी देणार आहे. पण सुरुवातीलाच सांगून टाकते, मी हा लेख दुसऱ्याच कारणासाठी लिहायला घेतला आहे. बाईंच्या नावावर एक चूक लागलेली आहे. समुद्रविज्ञानातल्या मंडळींना ती चांगली ठाऊक आहे. परिसंवादात चहाच्या वेळी अजूनही कुणीतरी ती काढतं आणि हसतं. ती चूक बाईंची नाही, माझी आहे. हे माहीत असलेली माणसं जगात दोनच, आणि दोघींनीही आजवर तोंड उघडलेलं नाही. बाईंनी उघडलं नाही ते मोठेपणाने. माझं कारण इतकं चांगलं नव्हतं.

आधी कार्य सांगते, कारण त्याशिवाय चूक कळायची नाही. समुद्राच्या वरच्या थरात, ऊन पोचतं तिथवर, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती वाढतात. त्यांना खाणारे बारके जीव असतात. मेलेले जीव, त्यांची कवचं, विष्ठा, चिकट लाळ, वाऱ्याने आलेली धूळ असं सगळं एकमेकांना चिकटतं आणि खाली जाऊ लागतं. दोन-तीन किलोमीटर खोल, मिट्ट काळोखात, जिथे काहीच उगवत नाही, तिथल्या जीवांचं पोट या वरून पडणाऱ्या उष्ट्यावर चालतं. प्रश्न एवढाच होता, की हे उष्टं तिथे पोचतं कधी? पुष्कळ जाणकारांचं मत असं, की ते इतकं सावकाश उतरतं की खाली पोचेपर्यंत सगळे ऋतू एकमेकांत मिसळून जातात. तळाला पावसाळा काय आणि उन्हाळा काय, सारखाच. बाईंचं म्हणणं याच्या अगदी उलट होतं. पावसाळ्यात वारा समुद्र घुसळतो, खालचं सकस पाणी वर येतं, वर पीक माजतं आणि ते पीक काही आठवड्यांतच तळाशी जाऊन पडतं. तळालाही पावसाळा कळतो, असं त्या ठासून सांगत.

हे पटवायला त्यांना मोठी यंत्रं लागत नसत. पनवेल-उरणच्या शाळांतून त्या व्याख्यानाला जात तेव्हा काचेची एक उंच बरणी आणि डब्यात तांदळाचं पीठ घेऊन जात. सुटं पीठ पाण्यावर भुरभुरवलं की ते तास तास रेंगाळे. त्याच पिठाची ओली गोळी करून टाकली की ती सरळ तळाशी जाई. "एकटा कण वर्षभर भटकतो, चिकटलेले कण पटकन घरी पोचतात," एवढं सांगून त्या गप्प बसत आणि पोरांना स्वतः पीठ टाकू देत. शाळेच्या शिपायाला मग दिवसभर फरशी पुसावी लागे.

इंग्रजीत या पडण्याला समुद्रातला बर्फ म्हणतात. बाईंना तो शब्द रुचत नसे. "पनवेलमध्ये बर्फ पडताना कुणी पाहिलाय? आपल्याकडे बर्फ किसून गोळा करतात," असं म्हणत त्या दुसऱ्या शब्दाच्या शोधात होत्या. तो त्यांना उरणजवळ करंजाच्या धक्क्यावर मिळाला. तिथल्या एका म्हाताऱ्या कोळीदादांना त्या आपला विषय समजावून देत होत्या. दादांनी जाळं शिवता शिवता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाय, ह्यात नवीन काय हाय? पावसानंतर पयल्यांदा होडी घातली का जालं बुलबुलीत येतं. समिंदराला पडसं झालेलं असतं तवा. मंग ते गलून गलून खाली जातं. तुमी सायबांना सांगा, समिंदर शिंकरतो म्हनून."

बाईंनी ते तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतलं आणि त्यानंतर प्रत्येक व्याख्यानात 'समुद्राचं पडसं' हाच शब्द वापरला. एका कार्यक्रमात अध्यक्ष नाक मुरडून म्हणाले, "शब्द जरा असभ्य वाटतो." बाई म्हणाल्या, "आपण नाक मुरडलंत, म्हणजे शब्द बरोबर जागी पोचला." मुलं हसून हसून लोळली आणि अध्यक्षांना आभार मानायला उठावं लागलं.

हे पडसं मोजायचं साधन म्हणजे एक भलंमोठं नरसाळं. ते तारेला बांधून भर अरबी समुद्रात खोल लोंबत ठेवायचं. खाली नांगर, वर तरंगते गोळे. नरसाळ्याच्या बुडाशी एक फिरती चकती आणि चकतीवर तेरा बाटल्या. दर अठ्ठावीस दिवसांनी चकती एक घर सरकते आणि नवी बाटली नरसाळ्याखाली येते. वर्षभराने जहाज जाऊन सगळं वर काढतं. म्हणजे बाटलीचा क्रमांक हीच तिची तारीख. आमच्या नरसाळ्याची पहिली बाटली कार्तिक-मार्गशीर्षातली होती आणि नववी ऐन आषाढातली. हे दोन आकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत.

बाटल्या प्रयोगशाळेत आल्या की निवडणं सुरू होई. त्यात एक मेख असते. काही जीव वरून पडत नाहीत. ते धडधाकट असताना पोहत पोहत नरसाळ्यात शिरतात आणि नमुने कुजू नयेत म्हणून बाटलीत घातलेल्या औषधाने मरतात. दिसायला ते पडलेल्यांसारखेच. वजनात भरही घालतात, आणि वजन जास्त आलं की निष्कर्ष भारदस्त दिसतो. बाई त्यांना 'आगंतुक' म्हणत. चिमट्याने शेवटचा आगंतुक वेचून काढेपर्यंत कुणी वजनकाट्याकडे फिरकायचं नाही अशी सक्त ताकीद होती. एकदा मी कंटाळून म्हणाले, "बाई, एवढ्याशा कोळंबीच्या पिल्लाने काय फरक पडणार आहे?" त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "जो पोहत आला, तो पडला असं आपण लिहायचं नाही. फरक किती पडतो ते नंतर." दुसरा नियम त्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता, 'शंका आली की बाटलीला बूच.' म्हणजे आपल्या मनाने काही ठरवायचं नाही, काम थांबवायचं आणि विचारायचं. हे नियम जाचक वाटत, पण दुपारी चहा बाई स्वतः करत आणि बशीत बिस्किटं आमच्यासाठी जास्त ठेवत, त्यामुळे कुणी कुरकुरत नसे.

समुद्रावर एवढा जीव असणाऱ्या बाईंना बोट लागते, हे फार थोड्यांना माहीत असेल. भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोरा बंदराला जाणाऱ्या लाँचमध्ये बसण्याआधीच त्यांच्या हातात लिंबू असतं. तरी जहाजाची एकही सफर त्यांनी चुकवली नाही. अंगात त्राण नसतानाही त्या आपली कामाची पाळी पूर्ण करत, फक्त शेजारी एक बादली लागे.

नरसाळं वर काढायच्या सफरीवर मला न्यायचं ठरलं, तेव्हा पनवेलजवळ नेऱ्याला, आमच्या गावच्या घरी गहजब झाला. वयात आलेली मुलगी, जहाजावर, इतके दिवस, सगळ्या पुरुषांत! मी काही बोलायच्या आत बाई रविवारी सकाळच्या एसटीने नेऱ्याला आल्या आणि आमच्या अंगणात खाटेवर बसल्या. बाबांनी पहिला प्रश्न टाकला, "ही करते काय तुमच्याकं?"

"समुद्रात वरून खाली घाण पडते, ती मोजते."

"घान मोजायचा पगार भेटतो?" बाबा आईकडे वळले. "ऐकलास काय? आन आमी इतकी वर्सं शेन फुकटच उचललं!"

सगळ्यांत मोठ्याने बाईच हसल्या. आईचा प्रश्न मात्र वेगळा होता. "बोटीवर दुसऱ्या बाया हायत का?"

"मी आहे," बाई म्हणाल्या. "पण खोटं कशाला बोलू? मला बोट लागते. मी तिला सांभाळायला नेत नाही, मला सांभाळायला ती हवी आहे."

आई उठून भाकऱ्या थापायला बसली. बाई निघाल्या तेव्हा आईने त्यांच्या पिशवीत डझनभर लिंबं घातली. आमच्याकडे याला परवानगी म्हणतात.

आता ती चूक.

नरसाळं वर आलं त्या दुपारी समुद्र फार खवळलेला नव्हता, पण जहाज डुलत होतं आणि बाईंचा चेहरा पांढराफटक होता. चकतीवरून एकेक बाटली सोडवायची, क्रमांक मोठ्याने सांगायचा आणि माझ्याकडे द्यायची, हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. मी लेबल लिहून चिकटवायचं. लेबलावर आकडे इंग्रजीतच हवेत असा नियम होता, कारण नमुने पुढे इतर राज्यांतल्या प्रयोगशाळांतही जायचे. नियम मला पाठ होता. बाईंनी पहिली बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "एक." मी मराठी शाळेत शिकलेली. कानावर 'एक' पडलं आणि हाताने आपोआप १ काढला. "दोन" ऐकलं तेव्हा नियम आठवला. दोनपासून तेरापर्यंत सगळे आकडे मी इंग्रजीत घातले. पहिलं लेबल बदलायचं मनात होतं, पण पुढची बाटली आली, मग बाईंना उलटी आली, मग बादली धुवायची आली आणि ते राहून गेलं.

मराठीतला १ आणि इंग्रजीतला 9 एकाशेजारी एक काढून पाहा. डुलत्या जहाजावर ओल्या हाताने काढून पाहा.

महिन्याभराने पनवेलला मी बाटल्या टेबलावर मांडल्या. बाई त्या आठवड्यात बैठकीसाठी पुण्याला गेल्या होत्या. बाटल्या तेरा भरल्या, पण त्यांत नऊ दोन होते आणि एक नव्हताच. काय झालं ते मला तत्काळ कळलं. खरा नऊ कोणता, ते मात्र काही केल्या कळेना. समोर भिंतीवर नियम लिहिलेला होता. बाई चार दिवसांत येणारच होत्या. पण त्या आल्यावर काय सांगायचं, की मला एक काढता येत नाही? पहिलीतलं पोर जिथे चुकत नाही तिथे मी चुकले, हे सांगायची मला लाज वाटली. मी दोन्ही बाटल्या उजेडाकडे धरल्या. एक गच्च भरलेली, दुसरी बेताची. मी ठरवलं, की नरसाळं नवंकोरं असताना त्यात जास्त पडलं असणार, म्हणजे गच्च बाटली पहिली. आज माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असलं कारण दिलं तर मी त्याला खोलीबाहेर काढीन. दोन्ही बाटल्यांवर मी नवी, सुवाच्य लेबलं लावली आणि जुनी फाडून टाकली.

वजनं झाली, आलेख निघाला. वर्षभरातली बहुतेक सगळी रास एकाच बाटलीत होती आणि ती बाटली होती कार्तिक-मार्गशीर्षातली. आषाढातल्या बाटलीत बेताबाताचंच. म्हणजे पावसाळ्यातलं पीक तळाशी पोचायला कैक महिने लागतात आणि बाईंचं म्हणणं चूक, असा त्याचा सरळ अर्थ होत होता. बाईंनी आलेख पुन्हा एकदा तपासला. मग म्हणाल्या, "समुद्राला माझं मत माहीत नव्हतं, त्याचा काय दोष?" त्या मुंबईच्या परिसंवादाला गेल्या आणि भर सभेत उभं राहून त्यांनी सांगितलं, की मी इतकी वर्षं जे म्हणत आले ते या नमुन्यांत दिसत नाही, मला माझं मत सोडावं लागेल. टाळ्या पडल्या. कायम त्यांच्या विरोधात बोलणारे एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ मुद्दाम उठून अभिनंदन करून गेले. मीही टाळ्या वाजवल्या, आणि आपला अंदाज बरोबर असू दे असा देवाचा धावा करत राहिले.

दोन-तीन महिन्यांनी एका दुपारी बाईंनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. माझ्या त्या 'पहिल्या' बाटलीतली कवचं त्या पाहत होत्या. एकाच जातीच्या जीवाची गोल, फुगीर कवचं, ढिगाने. हा जीव खालून वर आलेल्या थंड, पावसाळी पाण्यातच एवढा माजतो. "उशिरा पोचली म्हणावं तर झिजलेली, फुटलेली असायला हवीत," बाई म्हणाल्या. "ही ताजी आहेत. आषाढातली मंडळी मार्गशीर्षात इतकी ताजी कशी?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रडत रडत सगळं सांगितलं. मराठी एक, इंग्रजी नऊ, माझा अंदाज, फाडलेली लेबलं.

बाई रागावल्या. हे मुद्दाम लिहिते, कारण त्या कधीच रागावत नाहीत असं या ग्रंथात पुष्कळ जण लिहितील. त्या भयंकर रागावल्या. "आकडा चुकलीस, त्याचं मला काही नाही. मीसुद्धा चुकले असते. पण तुला शंका आली होती. शंका आलेली असताना तू सुंदर अक्षरात खोटं लिहिलंस." इतकं बोलून त्या दिवशी त्या लवकर घरी गेल्या. चहा झालाच नाही.

खरी पंचाईत पुढेच होती. ज्या बाईंनी आपलं मत सोडल्याचं जाहीर केलं, त्यांनीच आता परत उभं राहून सांगायचं, की बाटल्यांची अदलाबदल झाली होती आणि माझं जुनं मतच बरोबर होतं. कोण विश्वास ठेवणार? कवचांचा पुरावा होता, पण त्यावर वाद घालता येत होता. मूळ लेबलं मी कचऱ्यात घातलेली. साक्षीदार एकच, मी. आणि माझी नेमणूक वर्षावर्षाची. ती पुढे चालू ठेवायची की नाही याचा निर्णय त्याच महिन्यात व्हायचा होता. बाई मला म्हणाल्या, "माझ्या प्रयोगशाळेत जे झालं ते मी सांगणार. तुझं तू ठरव. त्याच मंडळींची पुन्हा सभा आहे, तिला ये."

मी सभेला गेले आणि तिसऱ्या रांगेत बसले. बाईंनी सरळ सांगितलं, "माझ्या प्रयोगशाळेत दोन बाटल्यांच्या लेबलांची अदलाबदल झाली. पहिली ती नववी आणि नववी ती पहिली. जबाबदारी माझी." ज्येष्ठ शास्त्रज्ञ हसत म्हणाले, "मॅडम, चूक नेमकी तुमच्या सोयीची निघाली!" सगळी सभा हसली. त्यांनी पुढे विचारलं, "लेबलं लावली कुणी?" बाईंनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी सांगितलं, जबाबदारी माझी."

मला उठून एकच वाक्य बोलायचं होतं. मी मांडीवरच्या वहीत बघत बसले.

माझी नेमणूक चालू राहिली. पुढच्या सफरीचं नेतृत्व बाईंकडून काढून घेण्यात आलं. त्या सफरीवर त्या साध्या सदस्य म्हणून गेल्या, बादली आणि लिंबांसकट. 'बाटली फिरवणाऱ्या बाई' हे नाव त्यांना त्याच वर्षी पडलं. नव्या नरसाळ्याच्या बाटल्यांवर लेबलं दुसऱ्यांनी लावली, वजनं दुसऱ्या प्रयोगशाळेत झाली. रास आषाढाच्याच बाटलीत निघाली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. तळाला पावसाळा कळतो आणि काही आठवड्यांतच कळतो, याबद्दल आज आमच्यात कुणी वाद घालत नाही. बाई तेव्हाही बरोबर होत्या आणि आजही आहेत. समुद्राने त्यांच्या बाजूने साक्ष दिली, मी दिली नाही. म्हणून तर गेल्या वर्षीसुद्धा एका परिसंवादात चहा पिताना मी ऐकलं, "बाईंचं म्हणणं खरं ठरलं हो, पण त्या वर्षी त्यांनी बाटली फिरवलीच होती." माझ्या हातात कप होता. मी तो खाली ठेवला आणि तेव्हाही गप्प राहिले.

आणि बाई? त्या सभेनंतरच्या सोमवारी मी जीव मुठीत धरून प्रयोगशाळेत आले, तर टेबलावर नव्या लेबलांचा गठ्ठा होता. प्रत्येक लेबलावर दोन रेघा आखलेल्या, एक अंकासाठी, एक अक्षरांसाठी. "यापुढे 'नऊ' असं अक्षरांतही लिहायचं," बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. त्या विषयावरचं आमचं बोलणं तिथे संपलं. पुढे डॉक्टरेटसाठी माझं नाव त्यांनीच नोंदवायला लावलं. माझं इंग्रजी यथातथा म्हणून प्रबंधाचं पान न् पान त्यांनी माझ्याबरोबर बसून वाचलं, आणि माझी वाक्यं बदलण्याऐवजी मलाच ती बदलायला लावली. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मला चार दिवस सुट्टी ठरलेली. एका वर्षी काम फार साचलं म्हणून मी सुट्टी नको म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "आपला पावसाळा बाटलीत बंद आहे, तो थांबेल. तुझ्या बाबांची रोपं थांबतील का?" त्यांनी मला एकदा जरी टोमणा मारला असता तर मी मोकळी झाले असते. तेवढी सोय त्यांनी मला करून दिली नाही.

गौरवमूर्तींना लेख आधी दाखवू नये असा संकेत आहे. मी तो मोडला. गोष्ट दोघींची होती, एकटीनेच परस्पर छापणं बरं दिसलं नसतं. वडाळे तळ्याजवळच्या त्यांच्या घरी मी हा मजकूर घेऊन गेले. बाईंनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि वाचायला बसल्या. बाबांच्या शेणाच्या वाक्याला हसल्या. पुढे एका ठिकाणी त्यांची पेन्सिल थांबली. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, 'माझ्याकडून लेबल चुकीचं वाचलं गेलं.' त्यांनी ते वाक्य आडवं मारलं. "वाचलं गेलं म्हणजे काय? तू अंदाज केलास. तसं लिही." मी तिथेच बसून तसं लिहिलं. आपण वर वाचलंत ते बाईंनी दुरुस्त करून घेतलेलं आहे.

सगळं वाचून झाल्यावर मी विचारलं, "बाई, त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"मला वाटलं, तू उठशील." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्या दिवशी वाट पाहिली. पुढच्या सभेलाही पाहिली. मग सोडून दिलं."

"फार उशीर झाला, बाई."

"झालाच," त्या म्हणाल्या. त्यांनी माझी समजूत घातली नाही. कागद नीट जुळवून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "शेवटी सही कर. पूर्ण नाव लिही, बापाचं आणि गावाचंसुद्धा. नुसती आद्याक्षरं चालायची नाहीत."

त्या सभेत हसलेली बहुतेक मंडळी हा ग्रंथ वाचणार आहेत. त्यांना मी उभी राहून सांगते, की त्या वर्षी बाटली खरोखरच फिरली होती. ती साटमबाईंनी फिरवली नव्हती. मी फिरवली, नंतर कबूल करायची वेळ आली तेव्हा बसून राहिले, आणि माझ्या वाट्याचं हसं इतकी वर्षं त्यांनी सोसलं.

बाईंना साठ वर्षं पुरी होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती धडधाकट राहो, डोळे सूक्ष्मदर्शकाला पुरून उरोत. आणि इथून पुढे त्यांच्या नावावर ज्या काही चुका लागतील, त्या फक्त त्यांच्या स्वतःच्याच असोत.

वनिता गोमा पाटील
मुक्काम नेरे, तालुका पनवेल